काकांची फेक

देऊळघाटच्या हवेतून आजवर जे जे म्हणून गेले, त्यातले निम्मे माझ्या चुलतसासऱ्यांनी फेकलेले होते, उरलेली पाखरे. एखादी वस्तू उठून दुसऱ्याच्या हातात देणे हे काकांना ठाऊकच नव्हते. पानाचा डबा, अडकित्ता, मेथीची जुडी, सगळे भिरभिरत यायचे आणि वस्तू निम्म्या वाटेवर आल्यावर मग "जावईबापू, धरा!" अशी हाक यायची. मी मूळचा देशावरचा, बुलढाण्याच्या एका कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून. वऱ्हाडात जावयाला मान असतो, असे ऐकून होतो. पहिल्या दिवाळसणाला तो मानाचा नारळ मला थेट कपाळावर मिळाला. "देव्हाऱ्यातला गणपती तेवढा मी यायच्या हाती लागू देत नाई," असे म्हणत काकूंनी हळद लावली.

दोष काकांचा नव्हता, धंद्याचा होता. कोबीचा मळा. तोडलेला गड्डा खालून फेकायचा, गाडीवर उभ्या माणसाने तो झेलून रचायचा. काकांचे गड्डे झेलायला त्यांचे चुलतभाऊ असत. आम्ही त्यांना धाकटे काका म्हणायचो. दोघांची जोडी अशी की बैलांचा रवंथ संपायच्या आत गाडी भरून व्हायची. पुढे सामाईक विहिरीच्या पाळीवरून भाऊबंदकी पेटली आणि दोघांनी अबोला धरला. मी पाहिला तेव्हा अबोल्याला नऊ वर्षे झाली होती. बांधाला बांध लागून, त्यामुळे बोलल्याशिवाय तर चालत नसे. मग निरोप बैलांमार्फत जायचे. "ढवळ्या, सांग त्याले, बकऱ्या आवर म्हणा!" असे काका ढवळ्याच्या कानात गावभर ऐकू जाईल इतक्या हळू सांगत. पलीकडून उत्तर पवळ्यामार्फत येई. बैल दोन्हीकडचे शहाणे. एकानेही कधी कोणाची बाजू घेतली नाही.

त्या सुमारास कोंबड्या कशा पाळाव्यात हे शिकवायला अमेरिकेहून एक तरुण साहेब जिल्ह्यात आला होता. कोंबड्या त्याच्या फार मेल्या. पण त्याच्याजवळ पपईसारखा लांबट एक चेंडू होता आणि त्याचा खेळ त्याने देऊळघाटच्या लोकांना शिकवायला घेतला. एकाने चेंडू लांब फेकायचा, त्याच्या जोडीदाराने पळता पळता तो झेलून चुन्याच्या शेवटच्या रेघेपलीकडे न्यायचा की एक गुण, आणि बाकीच्यांनी एकमेकांना पाडायचे. पाडापाडी गावाला लगेच जमली. फेक काकांना अशी जमली, की साहेबाने टोपीच काढली. "काका," तो मोडक्या मराठीत म्हणे, "माणसाला नाही फेकायचा. माणूस जिथे जाईल, त्या जागेला फेकायचा."

"कोबीचंही असंच असते," काका म्हणाले.

पण झेलणार कोण? पपई कोणाच्या दातावर बसली, कोणाच्या बरगडीत. एकदा ती बांध ओलांडून गेली. धाकटे काका तिकडे वांग्यांना खुरपत होते. त्यांनी मान वर केली, चार पावले मागे पळाले आणि तोंडातली बिडी न पाडता चेंडू एका हाताने घेतला. मग मुकाट्याने बांधावर ठेवून पुन्हा खुरपायला बसले. दुसऱ्या दिवसापासून रोज दिवस कलला की काका फेकायचे, ते पळायचे. शब्द एक नाही. ते मागे वळूनही पाहत नसत. हात वर करायचे आणि चेंडू तिथे असायचा.

साहेब परत निघाला तेव्हा निरोपाचा सामना बुलढाण्याच्या मैदानावर ठरला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले चार साहेब आले. पाच साहेब विरुद्ध पाच देऊळघाटकर. आदल्या दिवशी चावडीवर कोणीतरी धाकट्या काकांना संघात घ्या म्हणताच काकांच्या अंगात वारे शिरले. "झेलाले काय लागते बे? टोपलंही झेलते! माह्या फेकीवर एकही नाई झाला, त या उन्हाळ्याची विहिरीची माही पाळी त्याले सोडली!"

तासाभरात पवळ्याचा निरोप आला. "मंग टोपलंच घेऊन जाय म्हणा."

टोपले म्हणून मला उभे करण्यात आले. पहिली फेक तहसीलदारांच्या चहाच्या तबकात पडली, दुसरी माझ्या नाकावर. तासभर धुळीत लोळूनही आमचा भोपळा फुटला नव्हता, आणि गाड्या जुंपून आलेले सारे गाव तोंडात पदर-उपरणी कोंबून हसत होते. त्या गर्दीत दोरीला टेकून धाकटे काका उभे. एकही नाही झाला, तर उन्हाळाभर दुप्पट पाणी त्यांचेच. नुसते उभे राहिले तरी पुरे होते.

शेवटची फेक. दोन धिप्पाड साहेब काकांच्या अंगावर धावून आले. काकांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी चेंडू भिरकावला तो निंबाखालच्या कोपऱ्यात, जिथे चिटपाखरू नव्हते. लोक खदखदले. आणि धाकट्या काकांनी धोतर खोचले, दोरीवरून उडी टाकली आणि पळत सुटले. मागे न पाहता. हात वर केले, चेंडू आला, रेघ ओलांडली आणि ते ताशेवाल्यांच्या ताफ्यात जाऊन कोसळले. हा माणूस संघात नव्हता हे साहेबाच्या ध्यानातच आले नाही, किंवा आले आणि त्याने ते गिळले; तो स्वतःच नाचत होता.

दोघे चुलतभाऊ धापा टाकत समोरासमोर आले.

"उशिरा फेकलं बे," धाकटे काका म्हणाले.

"तू कुठं होता?"

"आलो ना."

नऊ वर्षांनी एवढेच. मी धाकट्या काकांना बाजूला घेऊन म्हटले, "अहो, तुमचे उन्हाळ्याचे पाणी गेले की!"

"मले काय माहीत नाई? पण चेंडू माह्याकडंच येऊन राह्यला होता, जावईबापू. सोडू कसं?"

त्या उन्हाळ्यात काकांच्या पाळीचे पाणी दर चार दिवसांनी धाकट्या काकांच्या वांग्यांत शिरायचे. विचारले की काका डाफरत, "पाट फुटला! मी काय करू?" पाट फुटायची जागा मात्र कुदळीने नीट कापलेली असे.

पुढे माझी बदली झाली. धाकटे काका एका थंडीत तापाने गेले, हे पत्रातूनच कळले. दोन महिन्यांनी भेटायला गेलो, तर काका मळ्यात साहेबाने जाताना दिलेला चेंडू घेऊन उभे होते. "पळा बरं जरा," म्हणाले. मी विहिरीच्या दिशेने पळालो आणि न राहवून मागे वळून पाहिले. तेवढ्या अवधीत चेंडू माझ्या डोक्यावरून गेला आणि पाच पावले पुढे पडला. न पाहता पळणारा माणूस तेव्हा जिथे असता, नेमका तिथे.

मी तो उचलून आणला. काकांनी तो उपरण्याने पुसून काखेत मारला.

"माहीच फेक चुकली, जावईबापू," ते म्हणाले. "चाला, जेवाले बसू."