भिंतीपलीकडचं अंगण

अक्का गेल्याचा निरोप घेऊन शेजारचे दुकानदार आले, तेव्हा मी दाढी करत होतो. गल्लीत फोन त्यांच्याकडेच होता. "पिंपळनेरहून फोन होता, बहीण गेली तुमची," एवढंच ते म्हणाले. अर्धी दाढी तशीच ठेवून मी धुळ्याच्या स्टँडवर गेलो. साक्रीच्या पुढे पाऊस लागला... त्या प्रवासातलं दुसरं काही आठवत नाही. आता महिना उलटून गेला. डोळ्यांसमोर येते ती पदर खोचून पावसात भिंतीकडे बघत उभी राहिलेली अक्का.

ती भिंत होती आबांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, खोलीची. शेतीच्या वाटण्या झाल्या, तेव्हा दाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ सुभाषभाऊ यांनी घरही मधून वाटून घेतलं आणि बोलणं टाकलं. त्याच वर्षी आबांना अर्धांगवायू झाला. ते अक्काकडे राहिले. सुभाषभाऊ भिंतीपलीकडेच राहत असून बापाला बघायला कधी आले नाहीत. पुढच्याच पावसाळ्यात आबांच्या उशाशी भिंत ओलावली. रंगाचे फुगे आले, खाली पांढरा लोणा धरला, गोधड्यांना कुबट वास येऊ लागला आणि आबांचा खोकला हटेना. दाजींनी आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. पुढच्या पावसात ओल त्या गिलाव्याच्याही वर चढली. दाजी पुन्हा गवंड्याला बोलावणार होते. अक्का म्हणाली, "पाणी बाहेरून येतंय आणि आपण आतून लिंपत बसलोय. बाहेर जाऊन कुणी बघितलं का?"

बाहेर म्हणजे सुभाषभाऊंचं अंगण. तिकडे जायचं कुणी? एका दुपारी भर पावसात तीच गेली. मी त्या दिवशी तिथंच होतो, छत्री धरून तिच्या मागे गेलो. अंगणात चिखल होतो म्हणून सुभाषभाऊंनी मुरूम टाकून ते उंच केलं होतं, इतकं की घराचं जोतं मुरमाखाली गाडलं गेलं होतं. भिंतीला खेटून धुण्याचा ओटा बांधलेला. पावसाचं पाणी उतारानं भिंतीकडेच येत होतं आणि पाऊस नसेल तेव्हा धुण्याचं मुरत होतं. सुभाषभाऊ ओसरीतून ओरडले, "काय देखी राह्यनी वहिनी? आते भीत बी वाटी लेवानी शे का?"

आता भिंतही वाटून घ्यायची का, या टोमण्यानंही अक्काचा आवाज चढला नाही. "पानी तुमना आंगननं शे भाऊ, पन खोकला आबासले शे. एकदाव घरमा ईसन भीतले हात लाई देखा."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. मान खाली घालून, ओल्या पायांनी. भिंतीला हात लावला, तसा तळवा पाण्यानं चकाकला. आबांनी डोळे उघडले. त्यांना भिंतीचं काही ठाऊकच नव्हतं. लेक आपल्याला भेटायला आला असं समजून जड जिभेनं ते म्हणाले, "सुभाष... उना का रे? बस." सुभाषभाऊ खाटेच्या कडेला बसले. ओला हात कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. अक्कानं मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून कुदळीचा आवाज आला. सुभाषभाऊंनी ओटा फोडला, भिंतीलगतचा मुरूम जोतं उघडं पडेपर्यंत उपसला आणि अंगणाचा उतार गल्लीकडे काढला. दाजी ओसरीतून ऐकत राहिले, गेले नाहीत. भिंत मात्र लगेच वाळली नाही. आतलं सिमेंट खरवडून काढलं तरी विटा ओल धरून होत्या. आबा थंडीतच गेले. तेव्हाही त्यांच्या उशाशी भिंत गारच होती. उन्हाळ्यात ती कोरडी झाली, चुन्याचा गिलावा झाला, आणि त्या रिकाम्या खोलीत उभी राहून अक्का मला म्हणाली, "वाळली रे... पण काय उपयोग?"

आबांच्या मागे दोघा भावांचं बोलणं पुन्हा बंद पडलं. दोन्ही घरांत ये-जा उरली ती एकट्या अक्काची. पावसाची झड लागली की ती काठी घेऊन निघायची. पत्र्याच्या पन्हळीत लिंबाची पानं अडकलेली असायची, ती दोन्हीकडची काढायची. दम लागायला लागल्यावरही तिनं हे सोडलं नाही.

अक्काच्या तेराव्याला मी तिथं होतो. पंगत उठली आणि पाऊस आला. पन्हळ तुंबली, पाणी कडेवरून थेट भिंतीवर कोसळू लागलं. दाजी आतल्या ओसरीत बसले होते. त्यांनी आवाज ऐकला, पण उठले नाहीत. मीच छत्री घेऊन बाहेर गेलो, तर पलीकडून सुभाषभाऊ शिडी आणत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी ती भिंतीला टेकवली. मी खालून धरली. वरून काळी, कुजकी पानं खाली पडत राहिली. मग पडायची थांबली, पाणी नीट वाहू लागलं.

"झालं भाऊ, उतरा आता," मी म्हणालो.

ते उतरले नाहीत. पन्हळीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून, भिंतीकडे तोंड करून, बराच वेळ पावसात तसेच उभे राहिले.