रस्सीच्या शेवटच्या टोकाला चारुलता

चारुलता बदली होऊन सातपुड्यातल्या धडगावला आली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. थोरला भाऊ अमृत आणि वहिनी चेतना खाली सपाटीवर, कोरीट गावी शेती बघत. सरकारी कचेरीतलं कारकुनीचं काम तिला सरावाचं होतं, पण माणसं जुळेनात. ती अहिराणीत वाढलेली आणि इथल्या बाजारात सगळीकडे पावरी बोली. पाच वाजले की बाकीचे आपापल्या घरी जात, ही भाड्याच्या खोलीवर येऊन दार लावून घेई. कोथिंबीर आणि मिरच्या एकदम न घेता ती दोनदा बाजारात जायची, तेवढंच दोनदा कोणाशी तरी बोलणं. शनिवार-रविवार असा गप्प जायचा की सोमवारी कचेरीत पहिला शब्द घोगरा निघायचा.

खोलीसमोर मैदान होतं. जानेवारीत तिथे संध्याकाळी बायका रस्सीखेच खेळू लागल्या. महिला दिनाला तालुक्याच्या स्पर्धा होणार होत्या. चारुलता खिडकीतून बघायची. एका बाजूला आठ जणी, दुसऱ्या बाजूला सातच. दुसऱ्या दिवशीही सातच. तिसऱ्या दिवशी तिने चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या आणि पदर खोचून सरळ मैदानात गेली.

"मला घ्याल का?"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. सातजणींची पुढारी होती रुखमाबाई, आश्रमशाळेत स्वयंपाक करणारी. तिने चारुलताभोवती एक फेरी मारली. ज्या रुंद हाडापेरावरून चारुलताने जन्मभर टोमणे ऐकले होते, ते बघून ती खूशच झाली.

"मॅडम, तू मागे उभी राहा," ती म्हणाली. "तू हलली नाही तर आम्ही कोणी हलणार नाही."

पहिल्याच ओढीला चारुलता तोंडावर आपटली आणि रस्सीबरोबर चार हात फरफटत गेली. रुखमाबाईने तिला उठवून अंगावरची माती झटकली, तर ही हसत होती. हसू थांबेचना. शेवटी बाकीच्याही हसत खाली बसल्या.

त्या दिवसापासून ती कधी पाच वाजतात याची वाट बघू लागली. सगळ्या एकदम ओढत नाहीत, हे मागून तिला नीट दिसायचं. म्हणून तीच हाळी देऊ लागली. तोंडून आपसूक अहिराणीतलं "वढा!" निघालं आणि तेच कायम झालं. त्या तिला पावरी शिकवायच्या. ती चुकली की आधी हसून घ्यायच्या, मग सांगायच्या. रविवारी रुखमाबाईच्या चुलीपाशी मक्याची भाकरी व्हायची. एकदा चारुलताने सगळ्यांना खोलीवर बोलावून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा केला. ताटं दोनच होती, बाकीच्या आपापली घेऊन आल्या.

आठ मार्चला त्या अंतिम फेरीत पोचल्या. एक ओढ जिंकली, एक हरली. तिसऱ्या वेळी समोरच्या बायका रस्सीला लोंबकळल्याच. चारुलताच्या टाचा जमिनीत रुतल्या, हात सोलवटले, तरी हाळी थांबली नाही. "वढा! वढा!" आणि समोरची रांग एकदम रेषेच्या अलीकडे आली. मैदानात शिट्ट्या सुरू झाल्या. रुखमाबाई धावत मागे आली आणि तिने चारुलताला उचलूनच घेतलं.

घामेजल्या हातानेच चारुलताने कोरीटला फोन लावला. "भाऊ, आम्ही जिकनूत! आखाजीले मी मन्ह्या मैतरिनी लई येस. सात जनी शेतस."

पलीकडे अमृतने तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. गेल्या दिवाळीला ही बहीण चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग त्याने चेतनाला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला. सगळं ऐकून वहिनी म्हणाली, अक्षय तृतीयेला मैत्रिणींना घेऊन खुशाल ये, पण कोरीटच्या बायकाही काही कमी नाहीत.

आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर होत्या, तेवढ्यात धडगावची जीप गावात शिरली. झोके तसेच सोडून सगळ्या पारापाशी धावल्या. जेवणंही मागे राहिली, आधी रस्सी आली. कोरीटच्या बाजूला शेवटच्या टोकाला स्वतः चेतना उभी राहिली. चारुलताने गावाकडून खेळावं, असा गावाचा आग्रह होता. ती गेली धडगावच्या रांगेत.

त्या दिवशी कोरीट जिंकलं, तेही वीतभरानेच. रुखमाबाईला ते मान्यच होईना. पुरणपोळी वाढून घेता घेताच तिने चेतनाला पावसाळ्यानंतर धडगावला यायचं आमंत्रण दिलं, आणि दोघी तारखेवरून भांडू लागल्या. मध्ये बसलेली चारुलता एकीची पावरी दुसरीला आणि दुसरीची अहिराणी पहिलीला सांगत राहिली. तिच्या ताटातली पोळी गार झाली होती.