गाडीतली सुटी वस्तू

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मी जो गाढवपणा केलाय तो ऐकताना चहा नाकात जातो, असा आमच्या स्टाफरूमचा अनुभव आहे. आणि मी कोण? विज्ञानाचा शिक्षक! जडत्वाचा धडा बावीस वर्षं शिकवतोय. म्हणजे माझी लाज किती मोठी ते बघा.

झालं असं, की माझ्या सासूबाईंचं बीडला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात, म्हणून मीही मामीच म्हणतो. एक डोळा झाला होता, दुसऱ्याचं अजून व्हायचं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "सर, डोळ्याला इतकासाही धक्का नको. जपून न्या."

संपलं! मी मुळात अस्वस्थ माणूस. कुलूप लावलं की चारदा ओढून बघणारा, गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारा. त्यात सकाळी निघताना बायकोनं बजावलेलं, "माझ्या आईच्या डोळ्याला काही झालं, तर लिंबागणेशला परत येऊच नका."

मामींना मागं बसवावं म्हटलं, तर मागं बसलं की त्यांना मळमळतं. उलटीचा जोर डोळ्याला चालणार नव्हता. म्हणजे पुढंच बसवायचं.

दवाखान्याच्या आवारात गाडीपाशी उभा होतो, तेवढ्यात मंजूचा फोन. मंजू माझी मुलगी. पुण्यात गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या कंपनीत आहे. आत पुतळे बसवून नव्याकोऱ्या गाड्या भिंतीवर आपटायच्या, याचा तिला पगार मिळतो.

"बाबा, आजी पुढं बसणारय का? मग डॅशबोर्डवर काय काय आहे तुमच्या?"

"काही नाही गं. गणपती आहे. पूजेचा नारळ आहे. अत्तराची बाटली, चष्म्याचं घर, एक टॉर्च..."

"बाबा! त्याच्याच खाली एअरबॅग असते! गाडी कुठं धडकली तर पापणी लवायच्या आत ती बाहेर येते. वर ठेवलेलं सगळं आजीच्या तोंडावर! गाडीत एकही सुटी वस्तू ठेवू नका. आणि हो, समोर लाल दिवा लागला तर..."

आणि माझ्या फोनची बॅटरी संपली.

लाल दिवा लागला तर काय? ते अर्धं वाक्य डोक्यात जे घुसलं, ते काही केल्या निघेना.

मी गाडीवर तुटून पडलो. गणपतीची माफी मागितली, त्याला सुतळीनं बांधलं आणि डिकीत बसवलं. त्याच्यामागं नारळ, अत्तर, टॉर्च, सीटखालची छत्री, दाराच्या कप्प्यातले पाने आणि पेचकस. हाताला जे जे निघालं ते उपसलं. पाच मिनिटांत गाडी आतून धुऊन काढल्यासारखी मोकळी झाली.

मग मामींना आणून बसवलं. डोळ्यांवर काळा गॉगल, डोक्यावर पदर. पट्टा लावला आणि चांगला आवळला.

"जावईबापू, कावून आवळायलात इतकं? श्वास घ्यू का नको?"

"तुमच्या डोळ्यासाठी आहे, मामी. ती पिशवी द्या. आणि तो पानाचा डबाही."

"डबा न्हाई मिळायचा."

"अहो, तो उडून डोळ्यावर बसेल!"

"चाळीस वर्सं माज्यापाशी हाय. कदी उडला न्हाई."

तरी घेतलाच. मोबाईलचं काही बोलल्या नाहीत. त्यांचा तो जुना बटणांचा फोन कमरेला खोचलेला होता, हे मला पुढं कळलं.

निघालो. फाटकातून बाहेर पडलो न पडलो तोच... टिंग! टिंग! टिंग! टिंग!

समोर लाल दिवा! दिव्यात एक बसलेला माणूस आणि त्याच्या छातीवर काहीतरी. चार वर्षांत हा दिवा मी कधी पेटलेला बघितला नव्हता. माणसाच्या छातीवर काय येणार? एअरबॅग! मला दरदरून घाम फुटला.

गाडी कडेला घेतली. आवाज बंद. जरा पुढं घेतली, आवाज सुरू. पुन्हा थांबलो, पुन्हा बंद.

आता विज्ञानाचा शिक्षक कसा विचार करतो ऐका. गाडी थांबली की आवाज थांबतो, गाडी हलली की येतो. म्हणजे आत काहीतरी हलतंय, आणि गाडीला ते कळतंय. म्हणजेच एक सुटी वस्तू अजून आत राहिलीय! काय तर्क! मला तर वाटलं, मंजूच्या कंपनीनं मलाच बोलावून घ्यावं.

पाली गावापाशी थांबून पायाखालचे मॅट काढले. टिंगटिंग चालूच. पुढं थांबून सीटवरच्या डोकं टेकायच्या उशा उपटल्या. टिंगटिंग चालूच. मामींच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ जवळ येत होती, आणि थेंबांची बाटली कुठं? डिकीत, सगळ्याच्या तळाशी!

मांजरसुंब्याच्या घाटात एक सीताफळवाला बसला होता. त्याच्या पाटीजवळ गाडी लावली, डिकी उघडली, एकेक वस्तू रस्त्याच्या कडेला मांडली आणि सीटखाली डोकं घातलं.

"काय हारपलं, सर?" त्यानं विचारलं.

"सुटी वस्तू."

"कसली?"

"ते माहीत नाही."

"केवढी हाय?"

"तेही माहीत नाही. सापडली की कळेल."

तो शेजारच्या गड्याला म्हणाला, "म्हातारीचं सोनं पडलंय बे. सर सांगंना गेलेत."

झालं! दोन मोटारसायकली थांबल्या. मग एक टमटम थांबली, आतली सगळी माणसं उतरली. एक जण माझ्या सीटखाली, एक टपावर, दोघं कडेच्या गवतात.

"किती तोळ्याचं हुतं?"

"पाटली हाय का मंगळसूत्र?"

"अहो, सोनं नाही हो!" मी ओरडलो. पण मी जितकं नाही म्हणे, तितकी गर्दी वाढे. रस्त्याकडेला सुतळीनं बांधलेला गणपती बघून एक बाई त्याला हात जोडून गेली.

एवढ्या पायांनी धूळ उडायला लागली. मामींनी गॉगलवर पदर धरला. ज्या डोळ्याला जपायला मी निघालो होतो, त्याच डोळ्यात धूळ जायची पाळी माझ्यामुळं आली होती. मला खरंच रडू यायला लागलं. धावत जाऊन खिडकीची काच चढवली आणि माझ्या जागेवर येऊन बसलो. गाडीत आता काहीच उरलं नव्हतं. उरल्या होत्या फक्त मामी.

मी त्यांच्याकडं बघितलं. आणि एक गोष्ट ध्यानात आली.

"मामी, रागवू नका. पण तुमची कवळी..."

माझ्या दारापाशी जमलेली माणसं खिडकीतून आत वाकली.

"कवळीचं काय?"

"घरी जाईस्तोवर डिकीत ठेवली तर?"

पंचवीस वर्षांत मामींनी मला कधी एका शब्दानं दुखावलं नव्हतं. त्यांनी गॉगलच्या कडेनं, त्या न झालेल्या, धुरकट डोळ्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"माजी कवळी लई घट्ट हाय," त्या म्हणाल्या. "मला पट्ट्यानं आवळलं. गणपतीला सुतळीनं बांधलं. तुमचा पट्टा कुठंय?"

माझा हात खांद्यावर गेला. खांद्यावर काहीच नव्हतं. पट्टा दाराशी लोंबत होता, शोरूममधून आला तसाच कोरा.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पट्टा लावायचा कंटाळा, म्हणून बरेच जण करतात तेच मी केलं होतं. पट्ट्याच्या खाचेत नुसतीच एक सुटी क्लिप खोचून ठेवायची. गाडीला वाटतं, साहेबांनी पट्टा लावलाय, आणि ती गप्प बसते. माझी चार वर्षं गप्प बसली. आणि दवाखान्यात सुट्या वस्तू उपसताना मी ती क्लिपही उपसून डिकीत टाकली होती! दिव्यातल्या त्या माणसाच्या छातीवर एअरबॅग नव्हती हो, पट्टा होता!

पट्टा ओढला, लावला, गाडी चार हात पुढं घेतली. आवाज नाही. दिवा नाही.

"सापडलं का, सर?" सीताफळवाला धावत आला.

"सापडलं."

"कुठं हुतं?"

मी खाली उतरलो, मान खाली घालून सगळं भरलं आणि मामींच्या डोळ्यात थेंब घातले. डोळा ठीक होता, देवाची कृपा. गर्दी मात्र लवकर हलेना. सोनं बघायला मिळालं नाही म्हणून माणसं हिरमुसली होती.

घाट ओलांडला आणि मामींच्या कमरेतून फोन वाजला. मंजूचा. त्या फोनचा आवाज असा, की शेजारच्या शेतात ऐकू जावा.

"आजी, बाबांचा फोन लागत नाहीये! डोळा बराय ना? गाडीत सुटं काही राहिलं नाही ना?"

"राहिलं हुतं, बाई. घाटात सापडलं."

"काय होतं?"

मामींनी माझ्याकडं मान वळवली.

"नव्वद किलोचं हाय," त्या म्हणाल्या. "बांधूनच आणायलोत."