आपली बाटली आणा

डिचोलीच्या आमच्या घरातून झाडू सहजासहजी बाहेर जात नसे. नारळाच्या हिरांची नवी वाडवण आधी पुढच्या अंगणात फिरायची. टोकं झिजून ती आखूड झाली की मांय, म्हणजे माझी सासू, तशा दोन वाडवणींचे हीर एकत्र करून सुंभाने करकचून बांधायची आणि न्हाणी घासायला खराटा तयार व्हायचा. अंगाच्या साबणाच्या चिपा एका बरणीत भिजत पडलेल्या असायच्या. त्या पाण्याने लादी धुतली जायची. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, विरलेल्या बनियनची पोतेरी, जुने दातांचे ब्रश लाद्यांच्या फटींसाठी. मी इब्रामपूरची. आमच्याकडे भांडी राखेने आणि नारळाच्या सोडणाने घासत, त्यामुळे मला यात काही वेगळं वाटलं नाही. उलट मांयची आणि माझी तार जुळली ती यामुळेच.

एकाच बाबतीत ती फार कडक होती. ॲसिडसाठी एक जाड तपकिरी बाटली वेगळी ठेवलेली होती. तिच्या गळ्याला लाल चिंधी बांधलेली, आणि जागा मागच्या टाकीखाली, जमिनीवर. पिण्याच्या बाटलीत असलं काही भरायचं नाही, असं तिने मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

आमच्या विहिरीच्या पाण्याने लादीवर तांबडे डाग पडतात, ते ॲसिडशिवाय निघत नाहीत. महिन्यातून एकदा एक माणूस स्कूटरला निळे कॅन बांधून यायचा. फिनेल, ॲसिड, भांड्यांचं पाणी. "आपली बाटली आणा" असं ओरडत आमच्या वस्तीतून जायचा.

तो शनिवार गणेश चवथीच्या आधीचा होता. मी शाळेत शिकवते; अर्ध्या दिवसाने घरी आले होते. मांय बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, फळं-पानं, बघायला गेली होती. नवरा कामावर होता. बाबा परसात गवत कापत होते. खाणी चालू होत्या तोवर त्यांनी खनिजाचा ट्रक चालवला, बंद झाल्यावर ते घरीच असत आणि हाताला काहीतरी काम शोधत.

स्कूटरवाला आला. तपकिरी बाटली आदल्याच दिवशी साफसफाईत हातातून सुटून फुटली होती. मी इकडेतिकडे पाहिलं. शाळेच्या पिशवीत पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली होती. तीच पुढे केली. चिंधी नंतर बांधू म्हणून ती मागच्या पडवीच्या कट्ट्यावर ठेवली आणि लेक भूक लागली म्हणत होती म्हणून आत जाऊन तिला वाढायला घेतलं.

दहा मिनिटंही झाली नसतील. परसातून बाबांचा आवाज आला. तसला आवाज मी माणसाचा ऐकलेला नव्हता. धावत गेले तर ते कट्ट्याला धरून वाकले होते, हनुवटीवरून लाळ गळत होती, शर्टाचा पुढचा भाग ओला. बाटली खाली पडून लादीवर फेस येत होता.

शेजाऱ्याने गाडी काढली. म्हापशाला नेलं, तिथून मोठ्या इस्पितळात पाठवलं. बाबांनी एकच घोट घेतला होता. तेवढ्याने घसा आणि अन्ननलिका भाजली होती.

संध्याकाळी इस्पितळात पोलीस आला. अशा केसमध्ये येतातच. हातात वही, बोलणं साधंच. "बाटली कोणी भरली होती?"

माझा नवरा माझ्याकडे बघत होता. शेजारी, दोन नातेवाईक, सगळे माझ्याकडेच बघत होते. सून घरात, सासरा ॲसिड पिऊन इस्पितळात. लोकांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं.

"बाजाराक जावच्या आदी मिया भरलंय," मांय म्हणाली. ती बाजारातून तशीच आली होती. "पयली बाटली फुटली. दुसरी गावली ती घेतलंय."

पोलिसाने लिहून घेतलं. तिने अंगठ्याऐवजी सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढत.

नंतर जिन्याजवळ मी तिला गाठलं. "मांय, तुमी बाजारात होतात. बाटली मिया भरलंय. तुमी कित्याक सांगलात?"

"तू गप रव," ती म्हणाली. "तुजी शाळा आसा, चेडू आसा. माका कोण काय करतलो?"

आणि मी गप्प राहिले. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी आज लपवत नाही.

बाबा चौदा महिने जगले. पोटात नळी घातली होती. मी पेज शिजवून मिक्सरमधून काढायची, गाळायची, आणि मांय ती नळीतून घालायची. दर थोड्या दिवसांनी घसा रुंद करायला न्यावं लागे. ते आखडत गेले. एकदा मी उशी सरकवत असताना फाटक्या आवाजात म्हणाले, "पाणीच वाटलां गो." बाटली कोणी भरली ते त्यांना ठाऊक होतं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

नवऱ्याचा राग मांयवर निघाला. पहिल्याच आठवड्यात त्याने बरणी, पोतेरी, खराटे, जपून ठेवलेल्या सगळ्या बाटल्या गोळा केल्या आणि फेकून दिल्या. "तुज्या ह्या चिकटपणान बाबांक खाल्लां," असं तो माझ्यासमोर तिला म्हणाला. ती ओट्याशी उभी होती. पाठ वळवून तिने तांदूळ धुवायला घेतले. मी तिथेच होते.

बाबा गेले. दिवस झाले, पाहुणे आले, गेले. नवरा मांयशी कामापुरतं बोले. पुढच्या पावसाळ्यात एकदा तिने त्याचा फाटका शर्ट फाडून लादी पुसायला घेतला. तो ओरडला, "अजून तुजां सुटणां नाय?"

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "ती बाटली मिया भरललंय," मी म्हटलं. "मांय घरात नव्हत्योच."

त्याने मांयकडे वळून विचारलं, "खरां?" तिने हातातलं फडकं पिळायला घेतलं. तो चपला घालून बाहेर गेला.

मला वाटलं होतं, ती मला जवळ घेईल. ती चिडली. इतकं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "येवडे दिस मिया सांबाळलंय," ती म्हणाली, "आणि तुया आज सांडून टाकलंस. आता तो तुज्यावांगडा कसो रवतलो?"

तो राहिला. घर सोडलं नाही, हात उगारला नाही. जेवण वाढलं की जेवतो, लेकीच्या शाळेचं विचारतो. मांयशी पुन्हा बोलायला लागला, पण माफी मागणं त्याला जमलं नाही, आणि त्याने मागावी असं तिनेही कधी म्हटलं नाही. माझ्याशी त्याने त्या दिवसाबद्दल एक अक्षरही काढलेलं नाही.

मांय गेल्या वर्षी गेली, तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत. बाराव्याला घर भरलं होतं. स्वयंपाकघरात बायका वडे तळत होत्या. तिथे नवऱ्याची एक आत्ये हळू आवाजात दुसरीला सांगत होती, "शेवटी आपल्या हातान घोवाक इख पाजल्यान. चिकटपणा, दुसरां काय."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "आत्ये, ती बाटली मिया भरललंय," मी म्हणाले. "मांयचो काय दोष नव्हतो. तिणां माजां नाव आपणार घेतल्यान."

आत्ये उठून माझ्याजवळ आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला. "बघा गो," ती बाकीच्यांना म्हणाली, "सासू मेल्यार पण तिचां पाप आपणार घेता. अशी सून मेळूक नशीब लागता."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. दारात नवरा पाण्याची कळशी घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने कळशी आत ठेवली आणि पानं मांडायला बाहेर गेला.