साडूभाऊ आणि दोन स्पेस

जुनं पनवेल, नवीन पनवेल आणि पंचक्रोशीतल्या समस्त नागरिकांस, विशेषतः ज्यांच्या नशिबी साडू आहेत अशा जीवांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या साडूभाऊंइतका नीटनेटका माणूस या पृथ्वीतलावर आजवर झाला नाही आणि देवाची कृपा असेल तर पुन्हा होणारही नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. नवीन पनवेलला राहतात आणि एका बड्या कंपनीचे शेकडो संगणक घरात बसून सांभाळतात. मीही संगणकातलाच माणूस. एसटी स्टँडजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि हे गृहस्थ जावई होऊन येईपर्यंत नेऱ्याला सासुरवाडीत संगणक म्हटलं की माझंच नाव निघायचं. जिताड्याचा मधला तुकडा माझ्या ताटात पडायचा. आता तो त्यांच्या ताटात पडतो आणि मला शेपटी वाढताना सासूबाई म्हणतात, "तुमाला काटे काढायची सवय हाय ना, जावई!"

साडूभाऊंचा नीटनेटकेपणा हा साधा प्रकार नाही. त्यांच्या दारातल्या चपला कवायतीला उभ्या असल्यासारख्या असतात. किराण्याची यादी लिहिताना आधी डॅश, मग एक मोकळी जागा, मग वस्तू. एकदा मेहुणीने घाईत गूळ डॅशला चिकटवून लिहिला, तर हे बाजारातून गुळाशिवाय परत आले. "डॅशला चिकटला होता," म्हणाले, "म्हणून मी तो यादीत धरलाच नाही." कीबोर्डावरचं टॅबचं बटण त्यांनी उपटून देवघरात कुंकवाच्या डबीत ठेवलंय. त्यांच्या फाइलींमध्ये ओळ आत सरकवायला दोन स्पेसच लागतात, टॅब चालत नाही. मग बटण देवघरात का, असं मी विचारलं. "वापरायचं नाही, पण अपमानही करायचा नाही." आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं? आणि एका लग्नात तर ऐन पंगतीत त्यांनी नवरीच्या मामांना उठवून हातभर आत बसवलं. कारण काय, तर मामा आपल्या रांगेतून पुढे आले होते. "असे बसलात तर वाढपी तुम्हाला नवऱ्याकडचे समजेल, मामा." मामा चिडायला हवे होते की नाही? पण ते खूश! आजही विचारतात, "तुझे ते हुशार साडू कसे आहेत रे?" माझी तब्येत कशी आहे हे त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.

तर नेऱ्याच्या शाळेला कुणीतरी वीस जुने संगणक भेट दिले आणि ते चालू करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. शाळेला परवडेल म्हणून फुकट मिळणारं लिनक्स बसवायचं ठरलं. साध्या रीतीने बसवायचं तर प्रत्येक संगणकासमोर बसून भाषा कोणती, घड्याळ कुठलं, काय काय हवं, अशी उत्तरं देत राहावं लागतं. त्यापेक्षा सगळी उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ठेवली की यंत्र ती वाचून स्वतःच सगळं उरकतं. ही युक्ती साडूभाऊंची, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच जेवताना सगळ्यांसमोर मी जाहीर केलं, "मी कीबोर्डला हातसुद्धा लावणार नाही. नुसतं बटण दाबायचं." साडूभाऊ म्हणाले, "फाइल एकदा बघू का?" मी म्हणालो, "तुम्ही मासा खा."

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी शाळेत वीसच्या वीस बटणं दाबली. सगळ्या पडद्यांवर एकदम प्रश्न उमटला: भाषा कोणती? पुन्हा दाबली. पुन्हा तेच. मुख्याध्यापक मागे हात बांधून उभे होते. "सर, हे हात न लावता होणार होतं ना?" दुसऱ्या दिवशी अख्खं गाव जमणार होतं, पहिल्या रांगेत सासूबाई. उद्घाटन बारगळलं असतं तर नेऱ्यात मला कुणी साधा माऊससुद्धा दुरुस्तीला दिला नसता. बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, "अहो, मी त्यांना केव्हाच सांगितलंय. ते स्कूटरवरून निघालेत." म्हणजे माझं जमणार नाही, हे घरी आधीच ठरलं होतं!

साडूभाऊ आले, चहा प्यायले, कप बशीच्या बरोबर मध्ये ठेवला आणि माझी फाइल वाचू लागले.

"साडूभाऊ," ते मला म्हणाले, "सॉफ्टवेअरच्या यादीत हा एकटाच. याला डॅश का नाही?"

"एकच आहे हो. एकट्याची कसली यादी?"

"एकटा जेवायला बसला तरी पान मांडावं लागतंच की." त्यांनी डॅश दिला, स्पेस दिली. "आणि हे शेवटचं काय?"

मी छताकडे बघू लागलो. आमच्या पनवेलात बारशापासून बढतीपर्यंत कशाचाही फलक लागला की खाली शुभेच्छुक आणि पुढे नाव येतंच. मीही सगळ्या संगणकांवर उमटावं म्हणून आज्ञांच्या यादीत शेवटी लिहिलं होतं, "शुभेच्छुक: पनवेलचे थोरले जावई". त्या दोन टिंबांनी आणि पुढच्या स्पेसने घात केला होता. यंत्राने ती एक ओळ न मानता तिचे दोन तुकडे केले, एक नाव आणि एक उत्तर, आणि सगळी फाइलच नाकारली. वाटलं, आता हसतील. मी असतो तर बाकावर लोळून हसलो असतो. साडूभाऊंनी नुसतं विचारलं, "शुभेच्छुक ठेवायचा ना?" आणि माझी अख्खी आज्ञा अवतरणचिन्हांत नीट गुंडाळून ठेवली. त्या क्षणी मला त्यांचा जो काही राग आला, तो शब्दांत सांगता येणार नाही.

उद्घाटन थाटात झालं. वीस पडद्यांवर थोरले जावई झळकले. सासूबाईंनी ते डोळे भरून वाचलं आणि म्हणाल्या, "धाकल्यांनी केलंय ना हे? तुमचं नाव पण घातलंय बघा. मनाचे लय मोठे हायत."

आता साडूभाऊंच्या कंपनीने घरातून काम बंद केलंय आणि त्यांना कायमचं कोचीला बोलावलंय. परवा आम्ही सगळे पनवेल स्टेशनवर त्यांना सोडायला गेलो होतो. मेहुणी रडत होती, बायको रडत होती, सासूबाई भाकऱ्यांचं गाठोडं खिडकीतून आत देत होत्या. खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. सासुरवाडीचं मैदान पुन्हा माझ्या एकट्याचं होणार होतं. साडूभाऊ बाकाखाली बॅगा एका ओळीत लावत होते. लावून झाल्यावर दारात आले आणि म्हणाले, "फाइल अडली तर पाठवा. आता तरी पाठवाल ना?" काहीतरी खोचक बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी हलली आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, तुम्ही गेल्यावर मी जळायचं कुणावर?"