दोन नंबरची खाच

शिरीन पाशा शेख हिचं दुकान दौंडच्या बाजारात, आमच्या घरासमोर. मूळ ते तिच्या वडिलांचं, घड्याळदुरुस्तीचं. पाशाभाईंची नजर अधू झाली तेव्हा लेक त्यांच्या खुर्चीत बसली. दहा वर्षांची असल्यापासून ती डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडत होती. पुढे आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि पाटीवर 'घड्याळ'च्या खाली 'कॉम्प्युटर दुरुस्ती' असं स्वतःच्या हातानं रंगवलं. घड्याळं येत राहिली, कॉम्प्युटर काही येईनात. "बाईमाणूस काय उघडणार ते खोकं!" असं लोक तिच्यादेखत म्हणायचे आणि ती मुकाट्यानं त्यांच्या घड्याळात सेल घालून द्यायची.

२००५च्या दिवाळीनंतर मात्र एक आला, आणि असा आला की बघायला अख्खी गल्ली जमली. वरवंडच्या मारुतरावांचा मुलगा सत्यजीत यानं तो गेम खेळण्यासाठी पुण्याहून खास जुळवून आणला होता. एका बाजूला काच, आत निळे दिवे, पंखेच चार! पण खेळ ऐन रंगात आला की पडदा निळा व्हायचा आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं.

सोबत मारुतराव स्वतः आले होते. ते गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. सोसायटीत त्या वर्षी सहा कॉम्प्युटर घेतलेले होते आणि ते सांभाळायचं काम कुणाला द्यायचं, ते शनिवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. शिरीनचाही अर्ज होता.

"हे बघ पोरी," मारुतराव म्हणाले, "शनिवारपातूर ह्ये नीट झालं तर मीटिंगमधी मी तुझं नाव घेतो. न्हाई झालं, तर पुण्याचा माणूस हायेच."

"होईल आप्पा," शिरीन म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

बाजारात तेव्हा दिवसातून दोनदा वीज जायची. माझ्याकडे इन्व्हर्टर होता, म्हणून मंगळवारी, १५ नोव्हेंबरला, ते निळ्या दिव्यांचं मशीन माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं. मी चार दिवस ताट मांडीवर घेऊन जेवले.

शिरीननं मला सगळं नीट समजावलं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या असतात, दोन खाचांमध्ये बसवलेल्या. सत्यजीतनं दुसरी पट्टी दिवाळीत आणून स्वतःच लावली होती आणि तेव्हापासूनच हा त्रास. तेव्हा दोष नव्या पट्टीचाच, असं सगळ्यांनी धरलं. पुण्याच्या दुकानदारानं ती एकदा बदलूनही दिली होती. फरक शून्य.

तिच्याकडे तपासणीची एक फ्लॉपी होती. ती घातली की मशीन मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितं आणि लगेच परत वाचतं. लिहिलेलं आणि वाचलेलं जुळलं नाही की पडद्यावर लाल ओळ. मी शेजारी बसून किती वाजता, कोणती पट्टी, कोणती खाच, किती लाल ओळी, असं डायरीत उतरवत होते. पहिली पंधरा मिनिटं काहीच नसायचं. मशीन तापलं की एक लाल ओळ. मग दोन. मग पडदाभर!

बुधवार गेला. गुरुवारी सत्यजीत आला आणि बघून म्हणाला, "शिरीनताई, राहू द्या. मी पुण्याला नेतो."

"शनिवार झाला का?"

"न्हाई."

"मग बस गुमान."

पण तिचा चेहरा उतरला होता. तिनं माझ्या हातातली डायरी घेतली आणि पान वरपासून वाचायला लागली. अर्ध्यावर तिचं बोट थांबलं.

"मावशी! मी येडी हाय!"

"का गं?"

"हे बघा ना. नवी पट्टी दर वेळी दोन नंबरलाच लावलीय. जुनी एक नंबरलाच. आदलाबदल केलीच न्हाई!"

तिनं नवी पट्टी काढून बाजूला ठेवली आणि जुनी, बिचारी निर्दोष पट्टी, दोन नंबरच्या खाचेत बसवली. सतराव्या मिनिटाला लाल ओळ! मग नवी पट्टी एकटी एक नंबरला. तासभर, दोन तास, एकसुद्धा ओळ नाही. शिरीन खुर्चीत बसेना. सत्यजीत तर टेबलाभोवती फेऱ्याच घालायला लागला.

"म्हंजी पट्टी चांगली, खाच खराब?" त्यानं विचारलं. "मग बोर्डच गेला की!"

"थांब. आधी बघू दे."

वीज काढून तिनं मशीन आडवं केलं, वडिलांचं भिंग डोळ्याला लावलं आणि बॅटरीच्या उजेडात दोन नंबरच्या खाचेत डोकावली. बराच वेळ ती हललीच नाही. मग घड्याळाचा बारीक चिमटा आत गेला आणि टोकाला काहीतरी लाल घेऊन बाहेर आला. अर्धा तांदूळ, कुंकवानं माखलेला.

"अक्षता!" सत्यजीत ओरडला. "आजीची! खंडेनवमीला तिनं मला काच काढायला लावली. वरनं टिळा लावून काय उपयोग, म्हणली, काम तर आतलं करतंय."

म्हणजे पूजेचा दाणा रिकाम्या खाचेत पडला आणि दिवाळीत सत्यजीतनं त्याच्यावरच पट्टी दाबली. पट्टी एका टोकाला केसभर उचललेली राहिली. गार असताना टेकायची, तापली की सुटायची. खाच पुसून दोन्ही पट्ट्या लावल्या तेव्हा खट् असा स्वच्छ आवाज आला. तपासणी शुक्रवारी दिवसभर चालली. लाल ओळ एकही नाही! संध्याकाळी सत्यजीत तीन तास खेळला आणि आम्ही दोघी त्याच्यामागे उभ्या राहून ओरडत होतो. पडद्यावर काय चाललंय ते मला अजिबात कळत नव्हतं.

मग शिरीनचं लक्ष त्या दाण्याकडे गेलं.

"आप्पांना काय सांगू मावशी? तुमच्या आईच्या पूजेनं बिघडलं, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"धूळ व्हती म्हणा," सत्यजीत म्हणाला.

"धूळ कुणीबी झटकतं. आन् खोटं सांगून काम घेऊ व्हय?"

शनिवारी सकाळी मारुतराव आले. शिरीननं पांढऱ्या कागदावर तो दाणा ठेवून कागद त्यांच्यापुढे केला. "आप्पा, दोन नंबरच्या खाचेत हे होतं. राग मानू नका."

मारुतरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मुलाकडे पाहिलं. मुलानं मान खाली घातली. मग मारुतराव इतक्या जोरात हसले की पाशाभाई समोरून काठी टेकत आले.

"आमची म्हातारी साखरबाई!" डोळे पुसत ते म्हणाले. आणि हसता हसता एकदम थांबले. "अगं ए, सोसायटीतली बी झाकणं तिनं त्याच दिशी काढायला लावल्यात. सहाच्या सहा! चल, जीपमधी बस."

"पण आप्पा, मीटिंग तर चारला..."

"चारच्या आत बघून घे. चल!"

ती भिंग आणि चिमटा घेऊन तशीच चपला न घालता निघाली. दुपारपर्यंत दोन खोक्यांमधून मिळून पाच दाणे निघाले. चार वाजता मीटिंगमध्ये मारुतरावांनी ते कागदावर मांडले आणि शिरीनचं नाव घेतलं. दुसरं नाव कुणी घेतलंच नाही.