पिक्चरमध्ये नसलेला हौद

आधीच सांगून टाकते — भूत, करणी, भानामती, बाहेरचं लागणं, यातलं मला काहीही पटत नाही. कोणी अमावस्येच्या गोष्टी काढल्या की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठते. या फोरमवर मला जे ओळखतात ते कोरियन मालिकांची पिसं काढणारी बाई म्हणूनच. या भुताखेतांच्या विभागात आज पहिल्यांदा लिहितेय. जेवता जेवता मोबाईल बघत असाल तर हे नंतर वाचा.

आम्ही सोलापूरला, जुळे सोलापुरात राहतो. मूळचे कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीचे. घरात मी आणि माझी आई. आईला आम्ही अव्वा म्हणतो, कारण आमच्या घरात निम्मं बोलणं कानडीत चालतं. गेल्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण लीला पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिचं सासर कुर्डुवाडी. हे घडलं तेव्हा बाळी दीडेक महिन्याची असेल. लीलाचं दूध तिला पुरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी वरचं, पावडरचं दूध सुरू केलं होतं. ते अर्थात आमच्याच घरच्या पाण्यात कालवायचं.

आणि आमच्या घरचं पाणी म्हणजे हौदाचं पाणी. सोलापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी एकदा येतं. तेव्हा अंगणातला जमिनीखालचा हौद भरून घ्यायचा, मोटार लावून वरच्या टाकीत चढवायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत त्यावरच पिणं, धुणं, अंघोळी. हौद भरलेला असला की आम्ही निवांत.

आता मालिकांकडे वळते, कारण त्याशिवाय हे सांगताच येणार नाही. अव्वाला कोरियन मालिकांचा नाद मीच लावला. हिंदीत डब केलेल्या असतात, तिला समजतात. चांगलं ते चांगलं म्हणेन — पहिले चार एपिसोड हे लोक असे लिहितात की ताटातला घास ताटात राहतो. आई-मुलीचं भांडण असं दाखवतील की वाटावं, आमच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावला होता की काय! पण हल्ली पुढे काय होतं? आठव्या एपिसोडला हिरोची स्मृती जाते. दहाव्याला कळतं की दोघं लहानपणी एकाच गल्लीत राहत होते. रडता रडता मध्येच हिरॉइन कुठल्यातरी कंपनीचं सँडविच पाकिटावरचं नाव दिसेल असं धरून खाते. आणि शेवटच्या एपिसोडला ‘एक वर्षानंतर’. झालं, सगळ्यांचे केस कापलेले! शी. चौदा तास माझ्याकडून घेतले आणि हे दिलं.

अव्वाची तक्रार वेगळी. आमचं शाकाहारी घर, आणि त्या मालिकांत कोणी ना कोणी सतत वळवळणारा ऑक्टोपस तोंडात कोंबत असतं. “शी शी शी, शिव शिवा!” म्हणत अव्वा पदर डोळ्यांवर घेते आणि पदराच्या फटीतून बघते. बंद मात्र करू देत नाही.

एका रविवारी दुपारी लीलाने मालिका नको, पिक्चर लाव म्हटलं. मी एक कोरियन हॉरर लावला, स्लो बर्नवाला. या प्रकाराबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. चांगला जमला तर याच्यासारखं दुसरं काही नाही. नुसता वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि आपले हात गार पडतात. पण हल्ली निघतात ते? दीड तास काळोख. कोण कुठे उभंय कळत नाही. बाई दाराकडे बघते, दार बाईकडे बघतं. शेवटी समजतं की बापाने लहानपणी मारलं होतं, संपला पिक्चर. आणि भीती घालायला जमत नाही म्हणून मग किळस घालतात. उपटलेली नखं, तोंडातून केस, भातात अळ्या. भीती वेगळी आणि किळस वेगळी, एवढी साधी अक्कल यांना उरलेली नाही.

हा पिक्चर त्यातलाच निघाला. मध्यावर एक सीन होता — रिकामा पॅसेज, टोकाला बंद दार. कॅमेरा हलत नाही, आवाज नाही, काही नाही. चालूच. लीला बाळीला थोपटत होती. मी फॉरवर्ड करायला रिमोट शोधत होते. तेवढ्यात अव्वाने माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

“अय्यो! टाक ते पानी, टाक!”

“काय झालं गं?”

“बगितलं न्हाईस व्हय? त्या बाईनं हौदाचं झाकन उचललं की! आत घूस मेलीया, फुगून वर आलीया.”

मी टीव्हीकडे बघितलं. पॅसेज. बंद दार.

“कुठली बाई? कुठला हौद? अव्वा, तिथं काहीच नाहीये.”

“तुमी दोगी काय झोपलाय का? पिवळी वडनी नाकाला लावली हुती तिनं. घुशीचं शेपूट पान्यावर, गुलाबी. केस सगळे सुटल्यात, बुळबुळीत. तिच्या हातनं तांबडा मग आत पडला की!”

मला हसू आवरेना. म्हटलं, कोरियातल्या बाईकडे आपल्यासारखा प्लास्टिकचा लाल मग कुठून आला? आणि बाई कशी होती दिसायला?

“तोंड न्हाई दिसलं,” अव्वा म्हणाली. तिचा चेहरा मात्र असा उतरला होता की मला वाटलं बीपी वाढलं.

संध्याकाळी, चांगला उजेड असताना, तिच्या समाधानासाठी मी हौदाचं लोखंडी झाकण उघडलं. पाणी इतकं नितळ की तळ दिसत होता. एक पान नाही की किडा नाही. अव्वाला जवळ बोलावून दाखवलं. तिने बघितलं आणि मान हलवली. “बाळीला ते पानी ब्याड.” ब्याड म्हणजे नको.

दुसऱ्या दिवसापासून तिने जारवाला लावला. बाळीचं दूध जारच्या पाण्याचं, बाटली उकळायची ती जारच्या पाण्यात, अंघोळसुद्धा त्याच पाण्याची! स्वतःही तेच पिऊ लागली. लीला कंटाळली. “अव्वा, उकळून देतो की आपण! पिक्चर बघून कोणी असं करतं का?” अव्वा म्हणे, “तुमी काय प्यायचं ते प्या, पोरीला लावू द्यायची न्हाई मी.” एकदा मी घाईत हौदाच्या पाण्याने बाटली विसळली तर माझ्या हातातून हिसकावून घेतली. मग मात्र मी चिडले. म्हातारपणी डोकं फिरलंय तुझं, इथवर बोलले. ती रडली, पण जार काही सोडला नाही.

मधे एकदा नळाला पाणी आलं. हौद भरला, झाकण लावलं. मी आणि लीला तेच पाणी पीत होतो, माठ भरून. कडक ऊन होतं, तांब्यावर तांबे रिचवत होतो.

मग एका सकाळी तोंड धुताना मला नळाच्या पाण्याला वास आला. आधी वाटलं गटारीचा असेल. चूळ भरली आणि जिभेवर काहीतरी तेलकट, गोडसर... शी, नाही लिहवत. वरची टाकी बघितली, तिथेही वास. मग अंगणात गेले. हातात बाथरूममधला मग तसाच होता. डाव्या हाताने झाकण उचललं आणि वास असा अंगावर आला की ओढणी नाकाला लावली.

घूस होती. मांजराएवढी फुगलेली, पोट वर. अंगावरचे केस सुटून पाण्यावर त्यांचा थर आलेला आणि त्या थरातून गुलाबी शेपूट बाहेर. आणि आम्ही हे पीत होतो! याच पाण्याचा माठ भरला होता, कणीक भिजवली होती, सकाळचा चहा केला होता. मला तिथेच ओकारी झाली. हातातला मग सुटला आणि आत पडला. त्या घाणीत तो तरंगताना बघितला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो लाल आहे. आणि माझी ओढणी पिवळी.

पुढचे दिवस नुसती घाण. मला उलट्या-जुलाब, ताप. लीलाला तर ॲडमिट करावं लागलं, सलाईन लावलं. कपड्यांना वास, केसांना वास, कितीही साबण लावला तरी हातांना वास. हौद उपसायला आलेली माणसंसुद्धा मधे बाहेर येऊन थुंकत होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “बाळाला नाही ना दिलं हे पाणी?” नाही म्हटल्यावर त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. “वाचलात. एवढ्या लहान जिवाला हे झेपलं नसतं,” म्हणाले.

बाळीला काहीही झालं नाही. आम्ही दोघी आडव्या पडलेल्या असताना ती अव्वाच्या मांडीवर जारच्या पाण्यातलं दूध पिऊन मजेत पाय झाडत होती.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी स्वतःला आधीच म्हणून झालंय. घूस हौदात कशी गेली? पाइपाच्या भोकातून, त्याचं मला नवल नाही, घूस कुठेही शिरते. अव्वाला आधीच वास आला असेल? करोना झाल्यापासून अव्वाला वासच येत नाही, कढईत फोडणी जळली तरी कळत नाही. आणि पिक्चर बघितला त्या संध्याकाळी हौद स्वच्छ होता, मी डोळ्यांनी बघितलाय. घूस आत पडली ती त्यानंतर. मग तिने बघितलं काय? पिक्चर मी परत बघितला, एकदा हिंदीत, एकदा मूळ भाषेत सबटायटल लावून. तो पॅसेज तर थांबवून थांबवून बघितला. हौद नाही, घूस नाही, मग नाही. पॅसेज आणि बंद दार. बाकीचा पिक्चर मात्र दोन्ही वेळेला तितकाच भिकार वाटला.

बाळीला घेऊन लीला सासरी गेल्यावर एकदा दुपारी अव्वा शेंगा निवडत बसली होती. मी सहज विचारलं, “अव्वा, तुझ्या त्या सीनमध्ये मग पडल्यावर पुढं काय झालं?”

तिने वर बघितलं नाही. “जाऊ दे की आता.”

“सांग की.”

“मी खोटं बोलले तवा. तोंड दिसलं हुतं बाईचं. तूच हुतीस.” शेंगांमधला तिचा हात थांबला. “झाकन टाकून तू घरात पळालीस. आत लीला बसली हुती भिंतीला टेकून. रडत न्हवती, बोलत न्हवती. आनि तू... तू स्टुलावर चडून पाळन्याच्या दोऱ्या सोडत हुतीस. पाळना रिकामा हुता. पिक्चर बगताना लीला समोरच बसलेली, बाळंतीन. कसं सांगू मी?”

ही गोष्ट मी माझ्या डोक्यात कुठेच बसवू शकत नाही. तुमच्यापैकी कोणी बसवून दाखवली तरी मला ती पटेल असं नाही. त्या दिवशी एवढंच सुचलं की उठून लीलाला फोन लावला. बाळी काय करतेय विचारलं. आत्ताच झोपलीय म्हणाली.

“उठव तिला,” मी म्हटलं.

“अक्का, वेड लागलंय का? तासभर घेऊन फिरत होते, तेव्हा कुठं झोपलीय.”

“उठव गं. मला तिचं रडणं ऐकायचंय.”

लीला बडबडतच आत गेली. मग बाळी अशी काही बोंबलली की फोन कानापासून लांब धरावा लागला. अव्वा शेंगांचं सूप बाजूला सारून केव्हाच माझ्याजवळ येऊन उभी होती. मी फोन तिच्या हातात दिला.